यात्रा कुणाची, खर्च कुणाचा?

दिवाळीच्या अंकात फराळाच्या ताटासारखे सारे गोडधोडच असावे अशी वाचकांची अपेक्षा असते, हे मला ठाऊक आहे. पण हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तुळशीचे लग्न दहाबारा दिवसांवर आलेले असेल, आणि तुळशीमागून माणसांची लग्ने. म्हणून ताटाच्या कडेला एक मिरची वाढतो. वाचकांनी राग मानू नये.

माझी तक्रार आहे ती एका नव्या मानाविरुद्ध. पूर्वी वराकडील मंडळी लग्नाच्या आदल्या दिवशी येत. गावच्या शिवेवर त्यांचे स्वागत होई. म्हणून तर त्या विधीला सीमांतपूजन म्हणतात. आता मंडळी चार-चार दिवस आधी येतात आणि म्हणतात, "एवढ्या लांब आलोच आहोत, तर देवदर्शन होऊन जाईल." त्यात वावगे काही नाही. पण गाडी कुणाची, जेवणखाण कुणाचे, ओटीची साडी कुणाची, याचा उच्चारही कुणी करीत नाही. कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते. मानाची शीव अशी सरकत सरकत तुळजापूर-अक्कलकोटपर्यंत गेली आहे!

गेल्या वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न आमच्या श्रीपुरात झाले. व्याही लांबचे, विदर्भातले. वऱ्हाड खरोखरच वऱ्हाडातून आले. अकरा माणसे, चार दिवस आधी. माणसे वाईट नव्हती हे आधीच सांगतो. वाईट असती तर लेख लिहिण्याऐवजी मी कादंबरी लिहिली असती. पहिल्या दिवशी वेळापूरचा अर्धनारीनटेश्वर आणि नीरा-भीमेच्या संगमावरचे नरसिंहपूर झाले. दुसऱ्या दिवशी पंढरपूर. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून तुळजापूर, सोलापुरात सिद्धेश्वर आणि शेवटी अक्कलकोट. चौथ्या दिवशी हळद. माझी वहिनी तिन्ही दिवस पहाटे तीनला उठून दशम्या, धपाटे नि शेंगांची चटणी बांधून देत होती. भावाने दोन एकर उसाच्या बिलावर लग्नाचा हिशेब पै-पैशाने मांडला होता. त्यात हे गाडीभाडे नव्हते. तिसऱ्या रात्री तो हळूच माझ्याकडे आला. आचाऱ्यासाठी ठेवलेले पैसे गाडीवाल्याला गेले होते.

पंढरपुरात खानावळीचे पैसे द्यायची वेळ आली, तेव्हा भाऊ लगबगीने पुढे झाला. व्याह्यांकडच्या एका तरुणाने त्याला अडवून स्वतःचे पाकीट काढले. त्यावर त्यांच्यातलेच एक वडीलधारे गृहस्थ हात पुसत शांतपणे म्हणाले, "अरे, देऊ दे. मुलीकडचे आहेत ते." मुलाने पाकीट परत खिशात घातले. वाचकहो, मला राग आला तो पैशाचा नव्हे. एका चांगल्या मुलाला आमच्यादेखत वाईट धडा शिकवला गेला, आणि मी, ज्याचे सारे आयुष्य धडे देण्यात गेले, गप्प उभा राहिलो, याचा.

आणि हे कुठे घडावे? पंढरपुरात! जिथे वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो, लहान-थोर पाहत नाही, त्या गावात. त्याच सकाळी आम्ही सारे एका रांगेत उभे होतो. त्या रांगेत मुलीकडचे आणि मुलाकडचे असे दोन पदर नव्हते. याच मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले होते. तेही एके काळचे शाळामास्तरच. ज्या देवापुढचा तो भेद मोडला, त्याच देवाचे दर्शन घेऊन बाहेर येताच आम्ही हा दुसरा भेद मांडून बसलो. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत मागोमाग आला, ही कथा आपण जाणतोच. पण द्वारकेपासूनचा प्रवासखर्च त्याने भीमकराजाकडे मागितल्याचे कुणा कीर्तनकाराकडून मी अद्याप ऐकलेले नाही.

कुणी म्हणतील, पाहुणा म्हणजे देव. कबूल! घरात आलेल्याला पाणी, जेवण, अंथरूण देणे हा आपला धर्मच आहे. पण पाहुणचार हा यजमानाने मनाने करायचा असतो. तो पाहुण्याने गृहीत धरला की त्याचे खंडणीत रूपांतर होते. हुंडाबंदीचा कायदा 1961 साली झाला. लग्नासंबंधाने प्रत्यक्ष दिलेले तसेच अप्रत्यक्ष दिलेलेही त्या कायद्याने पाहिले आहे. यात्रेचे गाडीभाडे कुठलेही न्यायालय हुंडा ठरवणार नाही, हे मी जाणतो. पण हुंडा दाराबाहेर काढल्यावर तो खिडकीतून कोणकोणत्या रूपांनी आत येतो, हे बापांना चांगले कळते. आणि बापांचाही दोष आहेच. "चार लोकांत नाव राहिले पाहिजे," असे म्हणून माझ्या भावानेच मोठी गाडी ठरवली होती. त्या गाडीत अकरा पाहुणे बसले, तो बसला, मी बसलो. जिच्यामुळे हे नाते जुळत होते, तिला मात्र जागा उरली नाही.

तरी ही यात्रा बंद करा असे मी म्हणणार नाही. नरसिंहपूरच्या घाटावर वराची आजी माझ्या आईशेजारी बसली आणि दोघी तासभर आपापल्या गुडघ्यांविषयी बोलल्या. त्या तासात दोन्ही घरे जेवढी जवळ आली, तेवढी पुढे मांडवातही आली नाहीत. पंढरपुरात त्याच आजीने कनवटीचे पैसे काढून नातसुनेसाठी बांगड्या घेतल्या. भाऊ पैसे द्यायला धावला, तर म्हणाली, "देवाच्या दारी मला ऋणात नका टाकू, बाबा."

मुलांच्या आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे. जरूर या, आधी या, आमचा मुलूख पाहा. घरी जेवण आमचे. गाडी निम्मी तुमची, निम्मी आमची. ओटी ज्याची त्याने भरावी, आणि गाडीत मुलीला पहिली जागा द्यावी. मुलींच्या बापांना सांगणे त्याहून कठीण आहे: हे तुम्ही तोंडाने बोला. याद्या ठरवतानाच बोला, खानावळीच्या गल्ल्यापाशी नव्हे. तुमचा आवाज कापत असेल, तर माझ्यासारखा एखादा काका शेजारी बसवा. मात्र त्याने गप्प राहता कामा नये.