मुलांच्या मनःशांतीचा जमाखर्च

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि खासगी शिकवणी वर्ग यांना उद्देशून पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. यासंबंधी कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, गुणांच्या आधारे मुलांच्या वेगवेगळ्या तुकड्या पाडू नयेत, कोणाचाही चारचौघांत पाणउतारा करू नये, शिक्षकांना व अन्य सेवकवर्गाला वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, ही त्यांतील काही कलमे होत. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण न्यायालयापुढे होते. एका कुटुंबावर कोसळलेल्या आपत्तीचा विचार करताना साऱ्या देशातील शिक्षणसंस्थांना सूचना द्याव्या लागल्या, यावरूनच प्रश्नाची व्याप्ती लक्षात यावी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि राज्यवार यादीत हा आकडा सर्वांत मोठा होता. महाराष्ट्राची लोकसंख्या मोठी आहे. शिवाय या सर्वच मृत्यूंचे खापर परीक्षांवर फोडणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. कौटुंबिक कलह, आजार, दारिद्र्य अशी अनेक कारणे त्यांत गुंतलेली असतात. तथापि, हे सारे मान्य केले तरी त्या आकड्याकडे पाठ फिरवता येत नाही. आत्महत्या हे दुःखाचे अखेरचे टोक होय. त्याच्या अलीकडे परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणारी, रात्र रात्र जागी राहणारी, क्षुल्लक कारणावरून आदळआपट करणारी किंवा एकाएकी अबोल होणारी मुले फार मोठ्या संख्येने आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ या वयोगटातील सुमारे सात टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. म्हणजे पन्नास मुलांच्या एका वर्गात तीन-चार मुले.

मुलाच्या मनावर मुळीच ताण असू नये, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. वक्तृत्व स्पर्धेत व्यासपीठावर उभे राहताना पाय थरथरतात आणि त्यातूनच धीटपणा येतो. घातक असतो तो दीर्घकाळ न ओसरणारा आणि कोणाजवळ बोलताही न येणारा ताण. भीती वाटली की शरीरात अॅड्रेनलीन व कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके जलद पडतात, श्वास उथळ होतो. या आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढील भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. त्यामुळे रडणाऱ्या वा संतापलेल्या मुलाला ‘आधी गप्प बस’ असे दरडावणे म्हणजे त्याच्याजवळ अद्याप पुरती न आलेली शक्ती त्याच्याकडे मागणे होय. लहान मूल स्वतः शांत होण्याआधी जवळच्या मोठ्या माणसाच्या शांतपणाचा आधार घेते. आपला आवाज खाली आणणे, त्याच्या शेजारी बसणे, त्याला राग आला आहे की भीती वाटते आहे हे शब्दांत मांडायला मदत करणे, त्याच्याबरोबर चार श्वास सावकाश सोडणे आणि उपदेश त्यानंतर करणे, हा क्रम साधा आहे आणि त्याला खर्चही नाही. परंतु दिवसभराच्या दगदगीने घायकुतीला आलेल्या आईबापांना आणि साठ-सत्तर मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला तो साधत नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते मुलाला भय आणि आमिष या दोहोंपासून मुक्त ठेवण्याच्या आग्रहासह. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तोच आग्रह कलमबद्ध केला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी केली आणि २९ व्या कलमाने मुलाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त करणे हे अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत समाविष्ट केले. त्याआधी, १९९३ मध्ये, यशपाल समितीने शालेय ओझ्याविषयी स्पष्ट शब्दांत इशारा दिला होता. विचार आहे, कायदा आहे, अहवाल आहेत. तरीही ताण वाढतोच आहे, याचे कारण शोधले पाहिजे.

ते कारण बव्हंशी आर्थिक आहे. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ‘सोशल लिमिट्स टू ग्रोथ’ या ग्रंथात दाखवून दिले होते की, काही वस्तूंचे मोल त्या इतरांना न मिळण्यावरच अवलंबून असते. त्याने दिलेला गर्दीचा दाखला येथे चपखल बसतो. मिरवणूक पाहणारा एकजण टाचा उंचावतो तेव्हा त्याला अधिक दिसते. सारेच टाचा उंचावतात तेव्हा कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेसाठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाख दहा हजारांच्या आसपास. त्यांतील साधारण निम्म्याच शासकीय महाविद्यालयांतील. खासगी महाविद्यालयाचे शुल्क मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने खरी झुंज या निम्म्या जागांसाठी होते. अशा वेळी कोटा असो की लातूर, मुलाला शिकवणीसाठी दूर पाठविणारा बाप निर्दय नसतो. शेताचा तुकडा गहाण टाकून तो मुलाचे भले करू पाहतो. प्रत्येक घराचा निर्णय त्याच्यापुरता सयुक्तिक, पण साऱ्या समाजाचा मिळून होणारा परिणाम मात्र घातक, अशी ही कोंडी आहे. म्हणूनच पालकांना ‘मुलांवर अपेक्षा लादू नका’ असा उपदेश करून प्रश्न सुटत नाही. शेजारच्या घराने टाचा खाली टेकल्या नाहीत तर आपणच तेवढ्या का टेकाव्यात, हा त्यांचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत प्रवेश देऊ नये, या केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ मधील मार्गदर्शक सूचनेचे महत्त्व येथे आहे. नियम सर्वांना एकदम लागू झाला तरच सर्वांना एकदम टाचा टेकता येतात.

या स्पर्धेच्या जमाखर्चात शिकवणीचे शुल्क दिसते. मुलाची झोप, खेळ आणि मैत्री यांचा खर्च कोठेच मांडला जात नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. निर्णय स्तुत्य होता; पण एकाच इमारतीत दोन अधिवेशने चालविणाऱ्या शाळांपुढे वर्गखोल्यांची आणि बसगाड्यांची अडचण लगोलग उभी राहिली. मुलांना दोन तास अधिक झोपू देण्यासाठीही समाजाला काही भांडवल गुंतवावे लागते, हा यातील धडा आहे.

समुपदेशकांच्या बाबतीतही तेच. देशात दर लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता भरत नाही. गरज किमान तिघांची मानली जाते. शंभरांहून कमी विद्यार्थी असलेल्या संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवावी, असे न्यायालयाने सांगितले आहे. परंतु वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच महाराष्ट्रात २०२३ मध्ये चौदा हजारांवर होत्या. मेळघाटातील वा अक्कलकुव्यातील द्विशिक्षकी शाळेने हा तज्ज्ञ आणावयाचा कोठून? त्यावर एक मार्ग आहे. राज्यात अनेक शाळांचा गट करून केंद्रप्रमुख नेमण्याची पद्धत रुळलेली आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक केंद्राला एक फिरता समुपदेशक देता येईल. मात्र ते पद वेतनश्रेणीचे व कायम हवे. तासिका तत्त्वावरील नेमणुकीने मुलांचा विश्वास संपादन होत नाही. दरम्यान, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर असावयास हवा.

‘आम्ही छड्या खाऊन शिकलो, आमचे काय बिघडले?’ असे विचारणारे आजही पुष्कळ भेटतात. त्या छड्यांनी ज्यांचे शिक्षण सुटले, ते हा प्रश्न विचारावयास सभेत हजर नसतात, एवढेच त्यांना सांगता येईल. दुसऱ्या बाजूला, प्रार्थनेनंतर पाच मिनिटे प्राणायाम घेतला की आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या शाळाही आहेत. दीर्घ श्वसनाने त्या घटकेची घालमेल शमते, यात शंका नाही. परंतु सकाळी श्वासाचे धडे द्यावयाचे आणि दुपारी चाचणीचे गुण मोठ्याने वाचून मागे पडलेल्यांना उभे करावयाचे, हा विरोधाभास मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

जागांची टंचाई कमी होणे, वैद्यक व अभियांत्रिकीबाहेरच्या कामांना पोट भरेल एवढे वेतन व प्रतिष्ठा मिळणे, ही दीर्घ पल्ल्याची कामे आहेत आणि ती शासनाची आहेत. समुपदेशकांची पदे येत्या अर्थसंकल्पात धरता येतील. पण घरात करावयाचे काम अर्थसंकल्पाची वाट पाहत नाही. निकालाच्या दिवशी मूल दारात उभे असते, तेव्हा पहिला प्रश्न गुणांचा विचारावयाचा की ‘जेवलास का?’ असा, हे प्रत्येक घर आजच ठरवू शकते.