दुबईतली सही आणि भातशेतातली विहीर

माझं माहेर उरणचं, सासर नाचियारकोविलचं. मुंबई हायचं तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून उरणच्या किनाऱ्याला लागतात. सासरचं गाव कुंभकोणमजवळ, कावेरीच्या गाळमातीत साचे बांधून पितळी समया ओतणारं. एकोजीराजांच्या मागोमाग आलेल्या घराण्यांपैकी आमचं एक, असं सासूबाई सांगत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. या दोन्ही मुलखांत ओएनजीसी ही सरकारी तेलकंपनी आहे. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत पन्नास तेल-वायू कंपन्यांनी एका सनदेवर सह्या केल्या आणि त्यांत ओएनजीसीही होती, हे वाचलं तेव्हा ती बातमी मला घरचीच वाटली.

कंपन्यांनी कबूल काय केलंय? २०३० पर्यंत तेल-वायू काढतानाची मिथेनगळती जवळपास शून्यावर आणायची, वायू नेहमीसारखा जाळून टाकणं थांबवायचं आणि २०५० पर्यंत स्वतःच्या कामकाजातलं निव्वळ उत्सर्जन शून्य करायचं. ओएनजीसीने स्वतःपुरतं २०३८ साल धरलंय.

‘स्वतःच्या कामकाजातलं’ या शब्दांपाशी मी थांबते. आमच्या देवळातला दगडी गरुड गाभाऱ्यातून निघताना चौघांना पेलतो. पुढे आठ, सोळा, बत्तीस असे खांदे वाढवावे लागतात, कारण बाहेर पडेल तसा तो जड होतो अशी श्रद्धा आहे. तेलाचंही तसंच आहे. त्याच्या कर्बभाराचा मोठा वाटा कंपनीच्या फाटकाबाहेर, आपल्या गाड्यांत, कारखान्यांत आणि चुलींत तयार होतो. तो या सनदेत नाही.

तरीही सनद टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण मिथेन. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता अडवतो, पण हवेत टिकतो साधारण बाराच वर्षं. आज गळती थांबवली तर फरक आपल्या हयातीत पडेल. उपायही हाताशी आहेत : गळके व्हॉल्व्ह बदलणं, इन्फ्रारेड कॅमेऱ्याने गळती शोधणं, वाया जाणारा वायू पकडून विकणं. अशा कामात कंपन्यांनी एकमेकींना शिकवलं तर खरोखर उपयोग होतो.

पण हे सहकार्य कंपन्यांचं कंपन्यांशी आहे. ज्याच्या बांधाला तेलविहीर आहे त्याला त्यात जागा कुठे आहे?

कुंभकोणमच्या पुढे कदिरामंगलम आहे. ३० जून २०१७ रोजी तिथे ओएनजीसीच्या नळातून कच्चं तेल शेतात पसरलं. गाव रस्त्यावर आलं, पोलिसांचा लाठीमार झाला, काहींना अटक झाली. तेल काळं असतं, म्हणून ते दिसलं. मिथेनला रंग नाही, वास नाही. तो विहिरीपाशी रात्रंदिवस गळत राहिला तरी शेजारच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला पत्ता लागणार नाही. तमिळनाडूच्या २०२० च्या संरक्षित कृषिक्षेत्र कायद्याने कावेरीच्या खोऱ्यात नव्या तेल-वायू विहिरींना मनाई केली, पण आधीपासूनची कामं चालूच राहिली. म्हणजे आमच्याकडे प्रश्न आहे तो या जुन्या विहिरींचा आणि जुन्या नळांचा.

आता सेबीच्या नियमामुळे शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना आपलं उत्सर्जन दरवर्षी जाहीर करावं लागतं. पण तो आकडा अख्ख्या कंपनीचा. आसामपासून मुंबई हायपर्यंतची बेरीज वाचून कदिरामंगलमच्या शेतकऱ्याला आपल्या विहिरीबद्दल काय कळणार?

भाताच्या खाचरांतूनही मिथेन निघतो, हे मी लपवणार नाही. २०२१ च्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेपासून भारत दूर राहिला तो शेती आणि गुरांच्या काळजीने, आणि ते मला पटतं. पण भात आपल्या ताटात येतो. गळक्या व्हॉल्व्हमधल्या वायूने कुणाचंच पोट भरत नाही. माझे दीर आता खाचर अधूनमधून सुकवतात. पाणी वाचतं, मिथेनही कमी होतो. त्यांनी एकदा विचारलं, “वहिनी, माझं शेत मोजायला माणसं येतात, त्या विहिरीचं कोण मोजतं?”

हा प्रश्न मी ओएनजीसीपुढे ठेवते. प्रत्येक विहीरसमूहाची मोजणी वर्षातून दोनदा व्हावी. खर्च कंपनीचा, मोजणारी संस्था मात्र बाहेरची. मद्रास आयआयटी काही लांब नाही. गळती कुठे सापडली, किती होती, दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली, हे पंचायतीच्या फलकावर तमिळमध्ये लागावं आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कंपनीच्या अधिकाऱ्याने ते वाचून दाखवावं, लोकांच्या प्रश्नांना तिथेच उत्तरं द्यावीत. उरणलाही हेच हवं, मराठीत. २०३० फार दूर नाही. पहिली मोजणी याच वर्षी व्हायला हवी.