फेलोशिप ही खिरापत नव्हे!

1917 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसा कमी पडला होता.

शंभर वर्षांनी आमच्यावर तीच वेळ आणली जाते. बार्टीच्या फेलोशिपसाठी 861 संशोधक आझाद मैदानावर बसले, तेव्हा सरकार 200 च्या आकड्यावर अडून राहिले. पुढे 50 टक्क्यांची भाषा आली. निम्म्या पैशात खोलीचे भाडे, मेस आणि गावोगावची फिरती भागते का?

वर 2023 मध्ये अजित पवारांनी सभागृहात विचारले, पीएच.डी. करून काय दिवे लावणार?

ऐका. अर्धवट राहिलेला तो अभ्यास बाबासाहेबांनी 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठून पुरा केला. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी.एस्सी. मिळवली आणि 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. हा दिवा होता!

संविधानाचे कलम 46 दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. म्हणून आम्ही उपकार मागत नाही. प्रत्येक पात्र संशोधकाला नोंदणीच्या दिवसापासून, पूर्ण आणि दरमहा फेलोशिप मिळालीच पाहिजे.

जय भीम!