राजपत्रात छापून कोणी लपत नसतं



मागच्या महिन्यात भाईंदर पूर्वेचा, आमच्या ओळखीतला एक पोरगा घरी आला. शिकलेला आहे, नोकरी चांगली आहे, लग्न ठरलंय. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच विचारलं, "काका, आडनाव बदलायचं तर काय काय करावं लागतं?"

मी कारण विचारलं. त्यानं मीरा रोडला बघितलेल्या पाच फ्लॅटची कहाणी सांगितली. पगाराची स्लिप चालली, डिपॉझिट चाललं, सगळं ठरलं. मग एजंटनं पूर्ण नाव विचारलं. "कांबळे" म्हटल्यावर एका मालकाचा भाऊ अचानक गावाहून राहायला येणार होता, दुसऱ्याला फ्लॅट विकायचा होता, तिसऱ्याला फक्त "प्युअर व्हेज फॅमिली" हवी होती. हा पोरगा काय खातो हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. आडनावावरून ताटात काय असेल ते त्यांनी ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी विहारात बैठक होती. विषय कसा कोण जाणे निघाला आणि आपलेच दोन जुने कार्यकर्ते त्याच्यावर तुटून पडले. "बाबासाहेबांची लेकरं म्हणवता आणि आडनावाची लाज वाटते? ओळख लपवून जगणार?" पोरगा खाली मान घालून ऐकत राहिला. त्यानंतर तो बैठकीला आलेला नाही.

त्या दिवशी मी गप्प बसलो. ते चुकलं. तेव्हा बोलायला हवं होतं ते आज लिहितो आहे.

आधी विचारणाऱ्याला विचारा

नाव बदलणाऱ्याला आपण दहा प्रश्न विचारतो. पूर्ण नाव विचारून दार लावणाऱ्याला एकही विचारत नाही. हे उलटं आहे.

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला "व्हेज-नॉनव्हेज" या शब्दांचा खरा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. २०१५ साली पर्युषण काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायचा निर्णय याच महापालिकेनं घेतला होता आणि त्यावरून राज्यभर वाद पेटला होता. कोणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. जैन बांधवानं मांस खाऊ नये, त्याला आपली हरकत नाही. पण खाण्याच्या नावाखाली जात विचारली जाते, धर्म विचारला जातो, त्याला हरकत आहे. मुसलमानाला तोंडावर नाही म्हणतात, आपल्याला आडून म्हणतात, एवढाच फरक.

"मग कायद्यानं लढा" असं सांगणारे आहेत. जरूर लढू. पण संविधानाचं कलम १५(२) एकदा काढून वाचा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते अशी यादी त्यात आहे. भाड्याचं घर त्या यादीत नावानं नाही. आणि २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, एका समाजापुरतं सभासदत्व राखून ठेवायची मुभा संस्थेला आहे, असा निकाल दिला. मालक तोंडानं जात उच्चारत नाही, एजंट व्हॉट्सॲपवर "सॉरी" लिहून मोकळा होतो. पुरावा कुठून आणायचा? अशा माणसासमोर उभ्या असलेल्या आपल्या पोराला आधी छत मिळू द्या, मग त्याच्या स्वाभिमानाची परीक्षा घ्या.

नावं आपण आजच बदलत नाही आहोत

ज्यांना वाटतं की आडनाव म्हणजे बापजाद्यांची न बदलणारी ठेव, त्यांनी १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जातो तेव्हा स्तंभावरची नावं नीट वाचावीत. आपल्या शूरांच्या नावांच्या शेवटी "नाक" आहे. तेव्हाची आपली नावं तशीच असत. आज आपल्यापैकी किती जणांच्या नावात "नाक" उरलं आहे? मधल्या पिढ्यांनी ते सोडून दिलं. त्यांना कोणी पळपुटं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आज आपण सगळेच पळपुट्यांची नातवंडं ठरलो असतो.

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्र शासन २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. १९०० साली त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. कोणतं नाव? भिवा रामजी आंबेडकर. घराणं सकपाळांचं, गाव आंबडवे, आणि नोंद आंबेडकर. सकपाळचं आंबेडकर कसं झालं याच्या कथा वेगवेगळ्या सांगतात, त्यात मी शिरत नाही. एवढंच म्हणतो की ज्या नोंदीचा आपण उत्सव करतो, ती नोंदच बदललेल्या आडनावाची आहे. सकपाळ सोडलं म्हणून बाबासाहेबांनी ओळख लपवली, असं म्हणायची कोणाची छाती आहे?

आमच्या या पोरालाही गावाच्या नावावरून "कर" लावायचं आहे. त्यावर टोमणा काय, तर "सवर्णांसारखं आडनाव हवंय." अहो, गावाच्या नावावर कोणाची मक्तेदारी आहे? आपल्या आज्या-पणज्यांना वेशीबाहेर ठेवलं, पण गावाची वेस राखली ती त्यांनीच. त्या गावाचं नाव लावणं ही उसनवारी नव्हे, वसुली आहे.

"नावात काय आहे" असं आम्हाला सांगू नका

दुसऱ्या बाजूनं सवर्ण मित्र येतात. ते म्हणतात, "आम्ही कुठे जात बघतो? नावात काय आहे?"

नावात काय आहे ते मनुस्मृतीला ठाऊक होतं. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं नाव निंदा सुचवणारं असावं, असा नियम तिच्या दुसऱ्या अध्यायात आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली ती उगाच नव्हे. दगडू, धोंडू, कचरू ही नावं मूल जगावं म्हणून इतर जातींतही ठेवत, हे खरं आहे. पण त्यांचा धोंडू पुढे धोंडोपंत होत असे. आमचा धोंडू म्हातारा झाला तरी धोंड्याच राहत असे.

नावात काय आहे ते मराठवाड्यालाही ठाऊक आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटल्या, पोचीराम कांबळेंसारख्यांचे खून झाले. १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, आणि तेव्हाही नामांतर नाही, नामविस्तार. एका नावासाठी सोळा वर्षं आणि इतके जीव. नावात काहीच नसतं तर एवढं रक्त कशाला सांडलं?

आणि तुमची नावं? कुलकर्णी, देशपांडे, देशमुख ही मुळात हुद्द्यांची नावं. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली. आमचं महार वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, आणि त्या कायद्याच्या नावातही आमच्या वतनाला "कनिष्ठ" म्हटलं होतं. वतनं दोघांचीही गेली. तुमच्या आडनावाचा मान मात्र राहिला आणि आमच्या आडनावाचा विटाळही राहिला.

नाव बदललं की ओळख पुसते असं खरंच वाटत असेल, तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात तेव्हा का नाही ओरडत? बाईचं आडनावच काय, पहिलं नावही बदललं तर तो संस्कार. आमच्या पोरानं बदललं तर ती फसवणूक. मार्च २०२४ मध्ये शासनानं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलंच पाहिजे. चांगला निर्णय. म्हणजे नाव ही माणसानं केलेली व्यवस्था आहे आणि माणूस ती बदलू शकतो, हे शासनाला मान्य आहे. डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायचा निर्णयही याच राज्यानं घेतला. वस्तीला जो हक्क आहे तो वस्तीतल्या माणसाला का नसावा?

तमिळनाडूकडे बघा. १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत पेरियारांच्या चळवळीनं जातीची बिरुदं टाकायचा ठराव केला. तिथे आज नावामागे जात लावणारा माणूस क्वचित भेटतो. जात गेली का? नाही गेली. पण पहिल्याच फोनवर जात कळायची सोय तरी गेली.

कायदा काय म्हणतो

२०२१ साली सीबीएसईच्या प्रमाणपत्रांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नाव हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा, म्हणजे कलम १९(१)(अ) चा भाग मानला. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे दोन भाऊ आले. वडिलांनी "मोची" हे आडनाव बदलून "नायक" केलं होतं, सीबीएसई दाखल्यावर ते घ्यायला तयार नव्हती. ज्या आडनावामुळे माणसाला हीन वागणूक मिळते ते सोडायचा हक्क कलम २१ मध्येच आहे, असं न्यायालयानं सांगितलं. त्याच निकालात हेही स्पष्ट केलं की नव्या आडनावाच्या जोरावर दुसऱ्या जातीच्या सवलती मागता येणार नाहीत.

आता कामाचं.

एक. महाराष्ट्रात नावबदल राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध होतो. हे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाचं. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. जुनं नाव, नवं नाव, कारण, फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अज्ञान मुलासाठी पालकानं अर्ज करायचा. एजंटला हजारो रुपये देऊ नका.

दोन. मागासवर्गीयांना शुल्कात सवलत आहे, त्यासाठी जातीचा दाखला जोडायचा. जातीचं आडनाव सोडायला जातीचा दाखला! हसा किंवा रडा, पण सवलत सोडू नका.

तीन. आडनाव बदललं म्हणून आरक्षण जात नाही. ते जातीच्या दाखल्यावर आहे, आडनावावर नाही. बौद्ध झालो तरी १९९० च्या दुरुस्तीनं अनुसूचित जातीचा दर्जा कायम आहे. मात्र जात पडताळणी समिती वडिलांचे, आजोबांचे, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे बघते. तिथे आडनाव जुळलं नाही की फाईल अडते. म्हणून राजपत्राची प्रत आणि जुन्या नावाचा प्रत्येक कागद जन्मभर जपा. शक्य असेल तर आधी वैधता प्रमाणपत्र घ्या, मग नाव बदला.

चार. राजपत्र आलं म्हणजे शाळेचा दाखला आपोआप बदलत नाही. जुना कागद जुन्याच नावानं राहतो आणि राजपत्र हा दोन नावांमधला पूल होतो. नंतर आधार, मग पॅन, बँक, पासपोर्ट. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. स्पेलिंग पक्कं करूनच जा.

आणि आता लपण्याबद्दल

राजपत्रात काय छापतात? जुनं नाव आणि नवं नाव, एकाशेजारी एक. सरकारी कागदावर, कोणालाही वाचता येईल असं, कायमचं. ज्याला लपायचं आहे तो असं करेल का? तो एजंटला खोटं आडनाव सांगून मोकळा होईल. जो राजपत्रात छापून आणतो तो जाहीर सांगतो आहे, की कालपर्यंत मला या नावानं हाक मारत होता, आजपासून या नावानं मारा. लपण्याच्या नेमकं उलट आहे हे.

नाव बदलून सगळं संपेल असं मी म्हणत नाही. आडनावावरून कळलं नाही की ते गाव विचारतील, गावावरून कळलं नाही की देव विचारतील. म्हणून दुसरी लढाई सोडायची नाही. भाड्यानं घर देताना जात, धर्म आणि ताट विचारायला उघड बंदी घालणारा कायदा या राज्यात झाला पाहिजे. सोसायट्यांच्या ना-हरकत अर्जात असले रकाने असतील तर ते सहकार खात्यानं काढायला लावले पाहिजेत. महापालिका निवडणुकीत मतं मागायला येतील त्या प्रत्येकाला हे विचारा. आडनाव बघून मत मागायला येतातच ना ते?

तोवर आपल्याच पोरांवर तोंड सोडायचं थांबवा. ज्याला कांबळे म्हणूनच ताठ मानेनं जगायचं आहे त्याला सलाम. ज्याला बदलायचं आहे त्याचा अर्ज भरायला मी रविवारी विहारात बसणार आहे. त्या दोन कार्यकर्त्यांनीही यावं, अक्षर त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं आहे.

परवा त्या पोराच्या घरी गेलो आणि त्याची माफी मागितली. निघताना सहज म्हटलं, नवीन घर मिळालं की बोलव. तो म्हणाला, "बोलावणार ना काका. दार उघडलं की समोरच बाबासाहेबांचा फोटो लावणार आहे."

याला म्हणे ओळख लपवायची होती.

जयभीम!