नव्या मुलांना राजगुरू पूर्ण सांगा

श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, अमरावतीच्या पदाधिकाऱ्यांना सप्रेम नमस्कार.

नवं सत्र सुरू झालं की देशभरातली मुलं तुमच्या मैदानावर येतात. शिवराम हरी राजगुरू याच आखाड्याचे विद्यार्थी होते, हेही त्यांच्या कानावर पडतं. मारेकरी घडवणाऱ्या गुप्त शाळांच्या वेबसिरीज पाहत वाढलेल्या मुलाला यातून काय वाटेल? दिवसा कवायत आणि रात्री पिस्तूल, असंच काहीतरी. म्हणून पहिल्याच सत्रात त्यांना सगळं नीट सांगा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेला हा आखाडा उघड्या मैदानावरचा. जोर-बैठका, लाठी, मल्लखांब सगळ्या गावादेखत चालायचं. खेडचं घर सोडून निघालेल्या राजगुरू नावाच्या पोराला इथे शरीर कमावता आलं. पिस्तूल त्याच्या हाती आलं ते उत्तरेत, चंद्रशेखर आझादांच्या संघटनेत.

पुढचंही टाळू नका. 30 ऑक्टोबर 1928 ला लाहोरला लाला लजपतराय पोलिसांच्या लाठ्यांनी जखमी झाले आणि 17 नोव्हेंबरला गेले. बरोबर महिन्याने राजगुरू आणि भगतसिंगांनी साँडर्सवर गोळ्या झाडल्या. मारायचं होतं लाठीमाराचा हुकूम देणाऱ्या पोलीस अधीक्षक स्कॉटला. मेला तो दुसराच, एकवीस वर्षांचा अधिकारी. पाठलाग करणारा हवालदार चननसिंग आझादांच्या गोळीने गेला. तो तर आपलाच माणूस. ही नावं उच्चारल्याने राजगुरूंचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही, असं मी ठामपणे मानतो. 23 मार्च 1931 ला फासावर गेले तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. तुमच्याकडे शिकणाऱ्या कितीतरी मुलांच्याच वयाचे.

आमच्या अकोल्यातही ते भूमिगत असताना राहून गेल्याचं जुन्या शहरात सांगतात. अशा आठवणी सांगणारी घरं आता कमी होत चालली आहेत. तुमच्याकडे त्या काळची हजेरीपत्रकं, छायाचित्रं, पत्रं असतील तर ती छापा, मुलांना हाताळू द्या. अकोला-अमरावतीच्या जुन्या घरांमधून आठवणी टिपून आणायचं काम त्याच मुलांवर सोपवा. आमच्याकडून घरं दाखवायला आणि ओळखी करून द्यायला मी येईन.

आपला,
अकोल्याचा एक नागरिक