गोळी तिची, सूचना दिराला

रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात भेटलेली एक सव्वीस वर्षांची बाई माझ्या मनातून जात नाही. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप बिघडली, म्हणून धातूची बसवलेली. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. हिने ती बंद केली आणि अर्धांगवायू होऊन परत आली.

केसपेपरवर शेरा होता, 'रुग्णाने औषध घेतले नाही.' जवळ बसले तेव्हा ती अडखळत बोलली. गोळीमुळे पाळीत अंगावरून फार जायचे. घरात बोलायची चोरी. घरी सोडताना सूचना दिल्या होत्या, पण दिराला! पाळीचे तो तिला काय सांगणार, आणि ती त्याला काय विचारणार?

हा शेरा मला मान्य नाही. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेताना समुपदेशनावर पानेच्या पाने लिहिली. वॉर्डात त्यासाठी दहा मिनिटे आणि एक पडदाही मिळत नाही.

सांगायचे असते ते अवघड नाही. आयएनआर या रक्ततपासणीवरून गोळीचे प्रमाण ठरते. एरवी हा आकडा १ च्या आसपास असतो. धातूची मायट्रल झडप असल्यास साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. कमी झाला तर गुठळी, फार वाढला तर रक्तस्राव. पालेभाजी वर्ज्य नाही, पण रोजचे प्रमाण सारखे हवे. लागोपाठ उपास करायचे असतील तर आधी विचारावे. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळी आणू नये. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. शौचाला काळी झाली, डोक्याला मार लागला, तर लगेच दवाखाना गाठावा.

आणि जे दिराला सांगितलेच जात नाही ते असे: पाळीत जास्त जात असेल तर त्यावर उपाय आहेत, गोळी आपल्या मनाने थांबवू नये. वॉरफेरिन, एसिनोकुमारॉल या गोळ्यांनी गर्भाच्या पहिल्या महिन्यांत व्यंग येऊ शकते. पण त्या अचानक सोडल्या तर आईच्या जिवाला धोका. म्हणून मूल हवे की नको, हा विचार दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून व्हायला हवा. 'लवकर नातू दाखव' म्हणणाऱ्या घरात हे एकटीने बोलणे सोपे नाही.

घरच्यांना जरूर सांगा. पण आधी तिला, एकटीला, तिच्या बोलीत सांगा. मग तिच्याकडूनच ते पुन्हा वदवून घ्या. शरीर तिचे आहे, तर माहितीवर पहिला हक्कही तिचाच.