फाडलेली फाईल

व्यापारी घरात कागदाला मान असतो. दुकानाच्या जागेचा करार, जुन्या येण्याची चिठ्ठी, आजोबांच्या काळातील वही यांपैकी काहीही सहसा टाकले जात नाही. मात्र घरातील माणसाच्या शरीरात बसविलेल्या वस्तूचा कागद पुष्कळदा जपला जात नाही; आणि ती वस्तू केवळ रूपासाठी बसविलेली असेल, तर तो मुद्दाम नाहीसा केला जातो.

बाजारपेठेच्या एका गावातील घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या घरी असेच घडले. कन्येची हनुवटी थोडी आत गेलेली होती. स्थळे पाहण्यास आरंभ होण्यापूर्वी आईवडिलांनी तिला मोठ्या शहरात नेले आणि तेथे हनुवटीत इम्प्लांट बसविण्यात आले. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. वडिलांनी रक्कम रोख दिली व पावती मागितली नाही. विवाह ठरला तेव्हा आईने रुग्णालयाची फाईल फाडून टाकली. “सासरी हा विषय काढायचा नाही,” एवढेच तिने मुलीला बजावले.

नऊ वर्षे गेली. खालच्या पुढील दातांत ठणका सुरू झाला म्हणून ती सासूबाईंसह दंतवैद्याकडे गेली. एक्स-रेमध्ये दातांच्या मुळांखाली हाडावर खळगा दिसला. “येथे पूर्वी काही बसविले आहे का?” डॉक्टरांनी विचारले. सूनबाई खाली पाहत राहिली. सासूबाईंनी तेथे एकही प्रश्न विचारला नाही.

हनुवटीचे इम्प्लांट हाडाच्या पुढे, मांसाखाली बसते. ते बहुधा घन सिलिकॉनचे किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीनचे असते. सिलिकॉनभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करते आणि तुकडा त्या आवरणात सुटा राहतो. म्हणून तो काढणे तुलनेने सोपे असते. पॉलिएथिलीनच्या छिद्रांत मात्र शरीराच्या पेशी वाढत जातात. असा तुकडा जागचा हलत नाही हा त्याचा गुण. परंतु काढण्याची वेळ आली की हाच गुण अडचणीचा ठरतो. इम्प्लांटच्या दाबाने खालचे हाड थोडे झिजू शकते. बहुतेकांत ही झीज अल्प असते व तिचा त्रास होत नाही. इम्प्लांट योग्य जागेपेक्षा वर बसले असेल, तर मात्र झीज दातांच्या मुळांच्या दिशेने जाऊ शकते. याखेरीज जंतुसंसर्ग होणे, तुकडा एका बाजूस सरकणे, खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या शिरेवर दाब येणे ही इम्प्लांट काढण्याची अथवा बदलण्याची नेहमीची कारणे होत.

दंतवैद्याने तिला शल्यचिकित्सकाकडे पाठविले. त्यांचे पहिले प्रश्न साधे होते: इम्प्लांट कोणत्या पदार्थाचे, कोणत्या कंपनीचे, किती आकाराचे? यांपैकी एकाचेही उत्तर तिच्याजवळ नव्हते. जुन्या रुग्णालयात विचारणा केली, तेव्हा त्या काळची नोंद आता शिल्लक नाही असे कळले. यात नवल नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे सांभाळावयाची असते. रुग्णाने मागितल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावी लागते. इम्प्लांट मात्र शरीरात २०-३० वर्षेही राहू शकते. उरलेल्या काळात तो कागद रुग्णाच्या घरीच असावयास हवा.

सीटी स्कॅनवरून पदार्थाचा बराच अंदाज आला. मग पर्यायांचा विचार झाला. त्रास वाढत नसेल तर केवळ लक्ष ठेवणे, हा पहिला. इम्प्लांट काढून टाकणे, हा दुसरा. यात हनुवटी नेमकी पूर्वीसारखी होईल असे गृहीत धरता येत नाही. वर्षानुवर्षे ताणलेली त्वचा व स्नायू सैल पडून हनुवटी लोंबल्यासारखी दिसू शकते किंवा तिच्यावर खळी पडते. म्हणून काढतानाच तो स्नायू वर घेऊन पुन्हा शिवावा लागतो. योग्य मापाचे नवे इम्प्लांट बसविणे, हा तिसरा. जंतुसंसर्ग असल्यास हे त्याच वेळी सहसा करीत नाहीत. जुने काढून, जखम पूर्ण भरू देऊन, काही महिन्यांनी नव्याचा विचार होतो. चौथा पर्याय स्वतःच्याच हाडाचा. तोंडाच्या आतून छेद घेऊन हनुवटीचे हाड कापून पुढे सरकवितात व टायटॅनियमच्या पट्टीने पक्के करतात. तोंडातून करावयाची ही पद्धत हुगो ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडली. यात परका तुकडा हनुवटीला आकार देत नाही. मात्र शस्त्रक्रिया अधिक मोठी असते.

दुसरा प्रश्न खर्चाचा. केवळ रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्यास अपवाद आहे. तसेच प्रकृतीस थेट व तातडीचा धोका असून तो दूर करण्यासाठी उपचार आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिले, तर दाव्याचा विचार होऊ शकतो. परंतु विम्याच्या अर्जात पूर्वीच्या शस्त्रक्रिया विचारलेल्या असतात. या घरी अर्ज सासऱ्यांनी भरला होता आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हते. माहेरी लपविलेली गोष्ट अशा रीतीने विमा कंपनीपासूनही लपविली गेली होती.

पावती न घेतल्याचाही फटका बसला. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आहे. पण मोबदला दिला होता हे दाखविणार कशाने? रूपासाठीच्या शस्त्रक्रियेस जीएसटीची माफी नाही, म्हणून बिलाशिवाय पैसे देण्याचा मोह आजही अनेकांना होतो. त्यात कराइतकी रक्कम वाचते आणि एकमेव पुरावा हातचा जातो.

त्या रात्री सूनबाईने सासूबाईंना सर्व सांगितले. “आई, लग्नाआधी बसवलं होतं. सांगायचं धाडस झालं नाही.”

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “राग आलाय मला, खोटं कशाला बोलू? पण नऊ वर्षं तू हे एकटीनं सांभाळलंस. उद्या डॉक्टरांकडे मी येते. आधी तुझ्या आईला फोन लाव, काही आठवतंय का विचार.”

आईला कंपनीचे नाव आठवले नाही. फाईल फाडल्याचे मात्र तिला लख्ख आठवत होते, आणि फोनवर ती त्यासाठीच रडली.

इम्प्लांट काढण्यात आले. ते सिलिकॉनचेच निघाले. खालचा ओठ काही आठवडे बधिर होता, मग संवेदना परतली. हनुवटीवर एक बारीक खळी राहिली आहे. नवे बसविण्यास तिने नकार दिला. तो तिचा निर्णय होता आणि बसवून घेतले असते, तरी त्यात गैर काही नव्हते.

ज्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली असेल वा व्हावयाची असेल, त्यांनी चार कागद अवश्य जपावेत: शस्त्रक्रियेची टिपणी, डिस्चार्ज कार्ड, पक्की पावती आणि इम्प्लांटच्या वेष्टनावरील कंपनी, आकार व लॉट क्रमांक दाखविणारा स्टिकर. शस्त्रक्रियेपूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा: हे पुढे काढावे लागले, तर ते कसे काढाल?

या घरी नवी फाईल सासऱ्यांनी स्वतः लावली. ती दुकानाच्या करारपत्रांच्या कपाटात आहे आणि तिच्यावर सुनेचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले आहे.